ताईची पावलं

ताई गेली, पण तिची पावलं मैदानातून गेली नाहीत.

सकाळी टिटवी धाव घ्यायला उभी राहिली, की पुढ्यातली माती कुरकुरायची. दिसायचं कुणीच नाही. आवाज मात्र ओळखीचा, हलका, शेवटच्या वळणावर घाई करणारा. त्या आवाजावर पाय टाकत ती धावायची आणि आडव्या काठीवरून पाठ झोकून पलीकडच्या गादीवर पडायची. लहानपणी ताईनेच तसं शिकवलं होतं. "माझ्या पावलांत पाय ठेव. बाकी काही बघू नकोस." टिटवी हे नावही तिचंच. आभाळ पडलं तर तोलायला टिटवी पाय वर करून झोपते म्हणतात. धाकटी तशीच झोपायची.

खांबावर एक लाल रेघ होती. तापाने अंथरूण धरण्याआधीची ताईची शेवटची उडी तिथवरची. काठी रेघेखाली असली, की टिटवी वाऱ्यासारखी वरून जायची. काठी रेघेवर चढली, की टाच लागलीच म्हणून समजा.

"माझी झेप तेवढीच, मास्तर. ज्याची त्याची वेस असते."

"वेस गावाला असते. तुला कुणी घातली?" उडी शिकवता शिकवता केस पिकलेले मास्तर विचारायचे.

रेघेपलीकडे ताई कधी गेली नव्हती. तिथे पाय कुणाच्या पावलावर टाकायचा?

एके दिवशी मैदानाच्या फाटकापाशी नळ फुटून ओहोळ झाला. आईने शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं गिऱ्हाइकाला द्यायला टिटवी निघाली होती. तिने ओहोळ सहज ओलांडला. मास्तर थबकले.

"परत उडी मार बघू."

तिने मारली.

"पोरी, तुझा उडीचा पाय मुळात उजवा आहे. थोरली डाव्या पायावर उडायची, म्हणून उजवीकडून धावायची. तू इतकी वर्षं तिच्या पायाने उडते आहेस. उद्यापासून डावीकडून धाव."

"तिकडे पावलं नाहीत," ती बोलून गेली.

मास्तर हसले नाहीत. "मलाही ऐकू येतात," ते हळूच म्हणाले. "शंका होती, पण म्हणूनच तुझी बाजू बदलायचा धीर झाला नाही."

डावीकडून ती नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखी अडखळायची. काठी पार खाली आली, चिमुरड्यांच्या उंचीवर. "टिटवीताई, खेळा आमच्यात, पण रांगेत घुसू नका," त्या खिदळायच्या. घोटा सुजला. पडून उठायचं, उठून पडायचं. आणि पलीकडे, उजव्या अंगाला, ती पावलं रोज एकटीच धावत काठीपर्यंत यायची आणि थांबायची.

रात्री टिटवी घोट्याला तेल लावत असताना शिवता शिवता आई म्हणाली, "बाजू बदललीस म्हणे."

"ती रागवेल, आई?"

आईने मशीनवर अडकलेला दोरा दातांनी तोडला. "तुझ्यावर कधी रागावली होती ती? घे, सुई ओव. मला दिसत नाही."

घोट्याची सूज उतरली. काठी बोटाबोटाने वर चढत गेली.

स्पर्धा त्याच मैदानावर होती. काठी रेघेवर लागली. पहिल्या उडीत टिटवीची नजर उजवीकडे गेली, टाच लागली. दुसऱ्या उडीतही तेच. उरली एक.

ती डावीकडे उभी राहिली. समोरच्या अंगाला माती कुरकुरली. नेहमीची, हलकी.

"तू तुझ्या वाटेने ये, ताई," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "मी माझ्या वाटेने येते."

दोन बाजूंनी दोन धावा निघाल्या. वळणावर दोन्हींनी घाई केली. टिटवीने उजवा पाय रोवला, आणि आभाळ तिच्या तोंडावर आलं. पाठीखाली काठी थरथरली. थरथरून, जागेवरच राहिली.

गादीवर ती पाय वर करून पडून राहिली. शेजारी गादी हलकेच दबली. कुणी अंग टाकावं तशी. तिने मान वळवली नाही. थोड्या वेळाने दबलेली गादी हळूहळू वर आली.

"वर लावू?" मास्तरांनी काठीकडे बोट करून विचारलं.

टिटवी उठली, डावीकडे चालत गेली आणि कान देऊन उभी राहिली. उजवीकडे नुसतं ऊन होतं.

"लावा," ती म्हणाली.