दीपस्तंभाची खिडकी

भालचंद्र पोतनीसनं ब्लेडचं टोक कागदावर टेकवलं आणि खिडकीवरची शाई खरवडायला सुरुवात केली. चित्रातली खिडकी. दीपस्तंभाच्या माथ्यावरची, समुद्राकडे उघडणारी. उघडी काढली की ती त्याला बंद हवीशी वाटे, आणि बंद काढली की त्याच्याच्यानं तिच्याकडे बघवत नसे. खरवडून खरवडून कागद त्या जागी इतका झिजला होता की आता शाई फुटायला लागली होती.

खोलीतली खरी खिडकी मात्र बंद होती. भर दुपारी दिवा लावून तो कामाला बसला होता. कलकत्त्याच्या बागबाजारातल्या त्या गल्लीत भाद्रपदाचं ऊन असं तापलं होतं, की घाम चित्रावर ठिबकू नये म्हणून त्यानं मनगटाला रुमाल गुंडाळला होता.

जिन्यावर पावलं वाजली. शारदानं स्वयंपाकघरातून डोकावून नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं ब्लेड खाली ठेवलं आणि फडकं उचलून स्वच्छ असलेलं निब पुन्हा पुसायला घेतलं.

सुचित्रामाशीमा खालच्या मजल्यावर राहत, घर त्यांचंच. भालचंद्र याच घरात भाडेकरूचा मुलगा म्हणून जन्मला होता, त्यामुळे त्याचे केस पिकायला लागले तरी त्या त्याला 'तू'च म्हणत आणि तो त्यांना माशीमा, म्हणजे मावशी. दाराची चौकट धरून त्या जरा दम खात उभ्या राहिल्या.

"ठाण्यावर जाऊन आले," त्या बंगालीत म्हणाल्या. "म्हणतात, या नावाचा मुलगा आमच्याकडे आणलाच नाही. बाबा, तुला काही आठवलं का रे?"

"नाही माशीमा. खिडकी बंद होती ना."

"हो, सांगितलंस तू. ऊन होतं त्या दिवशी फार. मी मेली झोपले होते."

शारदानं दिलेलं पाणी पिऊन त्या खाली गेल्या. रोज एवढंच होई. आणि रोज भालचंद्रला वाटे, आज आपलं तोंड आपल्याला न विचारता बोलून जाणार.

कारण खिडकी बंद नव्हती. श्रावणातल्या त्या दुपारी ती सताड उघडी होती. शारदा पानं वाढत होती आणि हात पुसत पुसत तो सहज खिडकीशी गेला होता. खाली ताडपत्रीची जीप उभी होती, मागच्या पाटीवर नंबर नव्हता. साध्या कपड्यांतली दोन माणसं होती आणि त्यांच्यामध्ये माशीमांचा एकुलता एक बुलू, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेला, एकाच पायात चप्पल. बाजूला गल्लीतलाच लाल्टू. 'हाच' म्हणून लाल्टूनं बोट केलं, आणि मग मान वर करून सरळ या खिडकीकडे पाहिलं. जीप ठाण्याच्या बाजूला गेलीच नाही. उलट्या दिशेनं गंगेकडे गेली. "लावा ती," शारदा मागून म्हणाली, आणि त्यानं खिडकी लावली. मग दोघं जेवली. दुसरं काय करतात, पानं वाढली होती.

त्या साली कलकत्त्यात कोण कुणाला उचलून नेतं हे विचारायची सोय नव्हती. नेणारे कधी पोलिसांच्या बाजूचे असत, कधी नक्षलवाद्यांच्या, कधी कुठल्याच नाहीत. पाहणाऱ्यानं 'पाहिलं नाही' म्हटलं की निभावत असे. भालचंद्रनंही तेच म्हटलं, आणि माशीमा रोज छत्री घेऊन चुकीच्या दाराशी जात राहिल्या.

नेमकं याच दिवसांत निशिकांतबाबूंचं काम आलं होतं. कॉलेज स्ट्रीटवरून ते मुलांचं एक मासिक काढत. दुर्गापूजेच्या अंकासाठी त्यांना भीतीची चित्रकथा हवी होती, आणि गोष्ट त्यांनी निवडली होती एक जुनी इंग्रजी. समुद्रातल्या खडकावर दीपस्तंभ, त्यात दोन रखवालदार. एकदा आकाशाच्या पलीकडून काहीतरी पाण्यावर उतरतं. ते कसं दिसतं हे लेखक सांगत नाही. सांगायला माणसाची भाषा पुरत नाही म्हणतो. एक रखवालदार खाली खडकावर असतो, त्याला ते घेऊन जातं. दुसरा वरून बघतो आणि खिडकी लावून घेतो. सकाळी होडी येते, खलाशी विचारतात, तो सांगतो की मी काही पाहिलं नाही. पुढे म्हातारा होईपर्यंत तो इमानानं दिवा लावत राहतो. खिडकी तेवढी उघडत नाही.

गोष्ट वाचली आणि भालचंद्रची पाचावर धारण बसली. यांना कुणी सांगितलं, असंच आधी मनात आलं. पण निशिकांतबाबू नेहमीसारखे हसत होते.

"भीती तुमच्याशिवाय कोण काढणार, पोतनीसबाबू? तुम्ही तर बर्गी."

ही थट्टा त्याच्या जन्मापासूनची. दोनशे वर्षांपूर्वी मराठ्यांचे घोडेस्वार बंगाल लुटायला आले, त्यांच्या धास्तीनं या शहरानं खंदक खणला, आणि तो सुरू झाला तो या बागबाजारातूनच. बंगाली आया अजून त्या बर्गींचं नाव घेऊन पोरांना निजवतात. बुलू तान्हा होता तेव्हा माशीमाही निजवत, आणि वर बोट दाखवून म्हणत, झोप, नाहीतर वरचा बर्गी येईल. पोर मोठं झालं तसं झोपायचं सोडून बर्गीची चित्रं बघायला वर यायला लागलं.

गोष्टीबरोबर निशिकांतबाबूंनी एक जाडजूड जपानी मासिकही दिलं होतं. त्यांचा भाचा बोटीवर इंजिनियर, त्यानं कोबेहून आणलेलं. "तिकडे याला मांगा म्हणतात," ते म्हणाले. "हीच गोष्ट त्यांनी केली आहे. अक्षर कळलं नाही तरी चित्र कळेल."

चित्र कळलं, आणि भालचंद्र थक्क झाला. जपान्यांनी गोष्ट पार बदलून टाकली होती. तिथं आरंभीच रखवालदार म्हातारा होता, खिडकी बंद होती. पुढे तो पानागणिक तरुण होत गेला. होडी आली. मग पानभर नुसती बंद झडप. मग ती उघडली, आणि खाली खडकावर त्याचा सोबती उभा, तोंड वासून आनंदानं ओरडत असलेला. शेवटी दोघं टेबलाशी बसून मासळी खात होते. अगदी शेवटच्या पानावर रंग होते आणि मोठमोठी अक्षरं. समाप्त म्हणायचा जपानी थाट असेल, असं त्यानं धरून चाललं.

खिडकी उघडली की गेलेला माणूस परत येतो. हे पाहून भालचंद्रला रडूच आलं. इंग्रजी गोष्ट त्यानं बाजूला ठेवली आणि जपान्यांच्या वाटेनं चित्रं काढली. अडत होतं ते एकाच ठिकाणी, उघडणाऱ्या झडपेपाशी. माशीमा खाली गेल्या त्याच संध्याकाळी तीही कशीबशी जमली.

सकाळी पानं काखोटीला मारून तो निघाला, तर समोरच्या ओट्यावर लाल्टू दात घाशीत बसलेला.

"दादा, खिडकी बंद असते हल्ली?"

"ऊन लागतं," भालचंद्र म्हणाला.

"बरोबर आहे. ऊन वाईट." लाल्टू थुंकला आणि गोड हसला. "यंदा पूजेच्या मंडपात असुराचं मोठं चित्र लावायचंय. तुम्हीच काढायचं. तुम्ही काय, आपलेच आहात."

भालचंद्रनं मान डोलावली. वळणापर्यंत तो सावकाश चालला, आणि वळण ओलांडल्यावर एका बंद दुकानाच्या फळीला टेकून उभा राहिला. लाल्टूनं धमकावलं असतं तर परवडलं असतं. 'आपलेच' म्हटल्यावर पळायचं तरी कुठे.

निशिकांतबाबूंनी पानं टेबलावर पसरली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली. मग ते खो खो हसायला लागले.

"अहो महाशय, हे काय केलंत? जपानी पुस्तक उजवीकडून उघडतात! तुम्ही शेवटाकडून वाचलंत." त्यांनी मासिक उलटं करून पुढ्यात सरकवलं. "ही रंगीत बाजू म्हणजे सुरुवात. आता बघा."

भालचंद्रनं पाहिलं. दोघं मासळी खात होते. मग एक जण उठून बाहेर गेला. खडकावर तो तोंड वासून उभा होता, वर खिडकीकडे बघत. तेच चित्र, तीच रेघ. पण तो आनंदानं ओरडत नव्हता. तो हाक मारत होता. आणि पुढच्या पानावर झडप बंद झाली होती.

बुलूनंही वर पाहिलं होतं. "काकाबाबू!" अशी एकच हाक त्यानं मारली होती. इतके दिवस भालचंद्र स्वतःला सांगत आला होता की ती हाक खिडकी लावल्यानंतरची. लागलेल्या खिडकीतून काय ऐकू येतं, काय नाही, कुणी सांगावं. पण क्रम तसा नव्हता. आधी हाक होती. मग कडी.

"घाबरू नका, फार काही बिघडलेलं नाही," निशिकांतबाबू म्हणत होते. "पानांचा क्रम फिरवू. तुमच्या पहिल्या पानावर मथळा आहे, ते शेवटी चालणार नाही. शेवटचं एक तेवढं नवं द्या, म्हातारा आणि बंद खिडकी. उद्या छपाईचा ब्लॉक करायला टाकायचं आहे."

सगळी पानं घेऊन तो घरी आला आणि न जेवताच कामाला बसला. नवा कागद घेतला, खिडकी आखली, बंद. ती पहिल्या फटक्यात आली. हात जराही कापला नाही, एक रेघ खोडावी लागली नाही. आपल्याला हे इतकं छान जमतं हे पाहून भालचंद्रला जी भीती वाटली, ती लाल्टूचीसुद्धा वाटली नव्हती. आपण असेच म्हातारे होणार, माशीमा अशाच येत राहणार, आणि आपण इमानानं सांगत राहणार.

जिन्यावर पावलं वाजली.

आज माशीमांनी काही विचारलं नाही. छत्री दाराशी टेकवून त्या स्टुलावर बसल्या आणि जुन्याच क्रमानं पसरून ठेवलेल्या पानांकडे बघत राहिल्या. मग मासळी खाणाऱ्या दोघांचं पान त्यांनी उचलून डोळ्यांजवळ धरलं.

"हा पाण्यातून परत आला?"

भालचंद्रनं फडकं उचलून निब पुसायला घेतलं.

"बुलू असता तर त्यानं मला गोष्ट सांगितली असती. तुझ्या सगळ्या गोष्टी तो खाली येऊन सांगायचा." त्यांनी पान जपून खाली ठेवलं. "आला ना रे परत?"

"नाही माशीमा," भालचंद्र म्हणाला. "मी उलटं वाचलं होतं."

"मग खरं काय आहे?"

त्या चित्राबद्दलच विचारत होत्या. भालचंद्रनं शारदाकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी होती. तिनं मान हलवली. नको म्हणून, की हो म्हणून, त्याला कळलं नाही. पाठ फिरवून ती आत गेली.

तो उठला. टेबल ओढून बाजूला केलं आणि खिडकीच्या कडीला हात घातला. पावसाळ्यात लाकूड फुगलं होतं, कडी अडकून बसली होती. त्यानं जोर लावला, बोट सोलवटलं, कडी हलेना. नाही उघडत तर नाही, असाही एक विचार मनात येऊन गेला, आणि त्या विचारानं त्याला सुटल्यासारखं वाटलं.

"सरका," शारदा म्हणाली.

ती स्वयंपाकघरातून बत्ता घेऊन आली होती. तिनं कडीवर खालून दोन घाव घातले, तिसऱ्याला कडी निघाली. झडपा करकरत उघडल्या आणि दुपारचं ऊन टेबलावर, ओल्या शाईवर, माशीमांच्या पांढऱ्या साडीवर पडलं.

आवाजासरशी समोरच्या ओट्यावर लाल्टूनं मान वर केली. तो उठून उभा राहिला.

भालचंद्रनं एका हातानं चौकट घट्ट धरली आणि अंग चोरून आपल्या शेजारी माणूसभर जागा केली.

"इकडे या माशीमा," तो म्हणाला. "मी इथं उभा होतो."