पुड्याची मागची बाजू

रोज सकाळी साडेसहाला मनिषाच्या घरात तेच भांडण व्हायचं.

"मम्मी, दुखतंय!"

"मान खाली कर. हलू नकोस."

तेरा वर्षांचा अश्वजित न्हाणीच्या दारात ओणवा उभा असायचा आणि मनिषा घासणीला साबण लावून त्याची मान खसाखसा घासायची. मानेच्या मागच्या बाजूला काळपट, जाडसर पट्टा पडला होता. लिंबू चोळून झालं, हळद-बेसन झालं, महागडी क्रीम झाली. मान लाल व्हायची, कधी सोलवटायची, पण काळेपणा जागचा हलत नव्हता.

त्या आठवड्यात शाळेच्या डायरीत शेरा आला होता : 'पाल्याच्या वैयक्तिक स्वच्छतेकडे लक्ष द्यावे.'

ते एक वाक्य मनिषानं चार वेळा वाचलं. तिच्या घराकडे बोट दाखवून कुणी अस्वच्छ म्हणावं, हे तिला सहन होणारं नव्हतं. तिच्या मागच्या कितीतरी पिढ्यांनी तेवढंच ऐकलं होतं. नांदेडला तरोडा नाक्याजवळचं तिचं घर आरशासारखं लखलखीत असायचं. ती पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. नवरा आनंदराज नायगावच्या शाळेत शिक्षक, रोज एसटीनं अपडाऊन करणारा. दोघंही शिकून, स्वतःच्या हिमतीवर उभे राहिलेले. आणि त्यांच्या लेकराला शाळेनं मळकट ठरवावं?

"काहीही लागो," ती आनंदराजला म्हणाली, "चांगल्या स्किनच्या डॉक्टरला दाखवू."

डॉक्टर वैष्णवींनी अश्वजितची मान पाहिली, काखा पाहिल्या. वजनकाट्यावर उभं केलं. बहात्तर किलो! मग त्यांनी क्रीमचं नाव लिहून देण्याऐवजी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"पाणी फार पितो का हा? लघवीला उठतो? लवकर दमतो?"

"उन्हाळ्यापासून जरा जास्तच पितो," आनंदराज म्हणाला.

"घरात कुणाला मधुमेह?"

"माझ्या वडिलांना होता," तोच म्हणाला.

"ताई, मी सांगते ते नीट ऐका. हा मळ नाही. तुम्ही घासणं आजपासून बंद करा. शरीरात साखरेचं गणित बिघडू लागलं की काही मुलांच्या मानेवर अशी खूण उमटते. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त तपासून घ्या."

मनिषाला वाटलं, डॉक्टर दुसऱ्याच कुठल्यातरी मुलाबद्दल बोलतायत.

रिपोर्ट आला. खात्री करायला पुन्हा तपासलं. तेच उत्तर आलं. अश्वजितला मधुमेह झाला होता. म्हाताऱ्यांचा म्हणून आपण ज्याला ओळखतो, तोच मधुमेह सातवीतल्या मुलाला! यकृतावरही चरबी चढली होती. लहान मुलांच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी गोळी सुरू केली. मनिषा पुन्हा डॉक्टर वैष्णवींसमोर जाऊन बसली. तिला फक्त एकच विचारायचं होतं.

"आम्ही काय कमी केलं याला?"

"कमी नाही केलं. दिवसभरात हा काय काय खातो ते सांगा बघू."

मनिषा सांगू लागली. सकाळी दुधात चॉकलेटची पावडर आणि मक्याचे गोड पोहे. डब्यात नूडल्स, नाहीतर सॉस लावलेला ब्रेड. मधल्या सुट्टीत क्रीमचं बिस्कीट. शाळेतून आला की चिप्सचा पुडा आणि खोक्यातला फळांचा रस. रविवारी थंड पेय. सांगताना सुरुवातीला तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. यादी संपेपर्यंत तो कुठल्या कुठे गेला.

"तुम्ही ऑफिसात काय काम करता?"

"छाननी. ठेकेदारांचे कागद तपासते. एक सही राहिली तरी फाइल परत पाठवते."

डॉक्टरांनी मनिषाच्या पिशवीतून डोकावणारा रसाचा खोका मागून घेतला आणि उलटा करून तिच्या हातात ठेवला. "मग हा एक कागद तपासून द्या."

पुढच्या बाजूला रसरशीत आंबा होता. मागच्या बाजूला मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं. पहिलं पाणी, दुसरी साखर, मग कुठे आंब्याचा गर, तोही थोडासा. त्यापुढे रंग, वास आणि रसायनांचे सांकेतिक आकडे.

"प्रक्रिया वाईट असते असं मी म्हणत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दळण, ताक, लोणचं, हीसुद्धा प्रक्रियाच आहे. पण कारखान्यात धान्याचा कोंडा जातो, तंतू जातात आणि वरून साखर, मीठ, तेल, चव वाढवणारे पदार्थ येतात. पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आत पुडा रिकामा होतो. खाणाऱ्या प्रत्येकाला मधुमेह होईल असं नाही. याच्या घरात तो होता, खेळणं थांबलं, वजन वाढलं आणि वर हे रोजचं खाणं. सगळं एकत्र आलं. जे आपल्या हातात आहे तेवढं तरी बदलू या."

घरी येताना मनिषा आनंदराजला म्हणाली, "हे कुणाला सांगायचं नाही. नातेवाइकांत नाही, शाळेत नाही, विहारात तर मुळीच नाही. गोळ्या उंचीच्या आहेत म्हणू."



बातमी फक्त इस्लापूरला, मनिषाच्या वडिलांना कळली. ज्ञानोबा वनखात्यात मजूर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पंचाहत्तरी उलटली तरी माणूस काटक. ते दुसऱ्याच दिवशी ज्वारीचं चुंगडं, म्हणजे छोटं पोतं, घेऊन नांदेडला उतरले.

चुंगडं पाहून मनिषा भडकली. "बाबा, दरवर्षी आणता, दरवर्षी मी कुणाला तरी देऊन टाकते. आमच्या घरी कुणी भाकरी खात नाही!"

"का बरं खात न्हाई?"

"का म्हणजे? शाळेत असताना माझ्या डब्यात काळी भाकर आणि मिरचीचा ठेचा असायचा. बाकीच्या पोरी पोळी-भाजी आणायच्या. मी डबा उघडला की सरकून बसायच्या. सात वर्षं मी ओढणीआड धरून भाकर खाल्ली, बाबा! तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या लेकराला असं लपून खायची वेळ येऊ देणार नाही. त्याच्या डब्यात सगळ्यात भारी खाऊ असेल."

ज्ञानोबांनी चुंगडं भिंतीला टेकवलं. मग म्हणाले, "तुला एक सांगतो. आजवर सांगितलं न्हाई, कारण सांगाया बी जड जातं. माझी आय टोपलं घेऊन दारोदार जायाची. गावकीच्या कामाचा मोबदला म्हणून लोकं शिळी भाकर वरून टाकायचे. आंबलेली, बुरशी आलेली. आमी तीच खायचो. मी सहा-सात वर्षांचा असताना, छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर, आमच्या वस्तीतल्या मोठ्या माणसांनी ठरवलं, टोपलं बंद! आता कुणाच्या दारात जायचं न्हाई. दोन दिस चूल पेटली न्हाई. तिसऱ्या दिशी आयनं दुसऱ्याच्या रानात खुरपून पसाभर ज्वारी आणली, जात्यावर दळली आन भाकर थापली. आमच्या घरातली पहिली ताजी भाकर! फुगली तवा माझी आय रडली होती."

मनिषाची मान खाली गेली.

"लाज मागून खायाची होती, बाई. कष्टाच्या भाकरीची कदी नव्हती. त्या पोरी सरकून बसल्या, ती चूक त्यांची. तू मात्र ती चूक खरी धरून बसलीस. आन आज काय करून राहिलीस? पुड्यावर कुणी चकचकीत चित्र काढलं म्हणून आत काय हाय ते इचारलं न्हाईस. बाबासाहेबांनी आपल्याला इचारायलाच तर शिकवलं!"

त्या दिवशी घरातले सगळे पुडे बाहेर गेले. पण सवयी पुड्यासारख्या उचलून टाकता येत नाहीत. पुढचा महिना घरात धुमसता गेला. अश्वजित भाकरीचं ताट सरकवून द्यायचा. मूठभर शेंगदाणे दिले तर खिडकीतून फेकायचा. डॉक्टरांनी भाकरीसुद्धा मोजूनच सांगितली होती, त्यामुळे तो भुकेनं चिडायचा. एकदा त्याच्या दप्तरात चिप्सचे तीन रिकामे पुडे सापडले. मनिषानं हात उगारला, तसा तो किंचाळला.

"मार ना! मी आणायचो का हे सगळं? तूच आणायचीस! मी नको म्हणालो तरी डब्यात भरायचीस! मी तुझ्यामुळे आजारी पडलो!"

मनिषाचा हात तसाच राहिला. ती जिन्यावर जाऊन बसली. थोड्या वेळानं आनंदराज शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "माझ्यामुळेही. मी नायगावहून येताना रोज त्याच्यासाठी काहीतरी घेऊन यायचो."

दर रविवारी वस्तीतल्या विहारात मुलांचा वर्ग भरत असे. बुद्धवंदना, थोडा अभ्यास आणि शेवटी खाऊ. ज्याच्या घरी वाढदिवस असेल तो पुडे आणि थंड पेयाच्या बाटल्या आणायचा. त्या रविवारी समितीचे अध्यक्ष सुदर्शनमामा यांच्या नातवाचा वाढदिवस होता. मामा मोठे प्रेमळ. स्वतः फिरून प्रत्येक मुलाच्या हातात खाऊ देत होते. अश्वजितनं हात मागे घेतला.

"घे रे! लाजतोस काय?" मामा हसून म्हणाले. "साहेबिणीचं लेकरू, साधा खाऊ चालत नाही वाटतं!"

चार बाया हसल्या. अश्वजितनं आईकडे पाहिलं. तिनं फक्त 'नको' म्हणायचं होतं. पण नको म्हटलं की का, हा प्रश्न आला असता. मनिषानं नजर दुसरीकडे वळवली. अश्वजितनं बाटली घेतली आणि तिच्याकडे बघत बघत सगळी संपवली.

घरी आल्यावर साखर मोजली. तीनशे चार!

तेव्हापासून नांदेडलाच राहिलेल्या ज्ञानोबांचा आवाज आयुष्यात कधी चढला नव्हता. तो त्या दिवशी चढला. "तुला सगळं ठावं होतं! तरी चार लोकांना कळू नये म्हणून लेकराच्या हातात जाऊ दिलंस? आता डाग त्याच्या अंगावर न्हाई, मने, तुझ्या मनावर हाय! लेकराची तब्येत मोठी का लोकांची नजर?"

मनिषा ढसाढसा रडली. आठवडाभर ती ऑफिसात फाइली उघडून नुसती बघत बसली.

पुढच्या रविवारी वंदना झाली, तशी ती उठली. "जय भीम. मला दोन मिनिटं बोलायचंय."

सगळे थांबले. तिनं आधी अश्वजितकडे पाहिलं. सकाळीच तिनं त्याला विचारलं होतं, सांगू का? तो म्हणाला होता, सांग.

"माझ्या अश्वजितला मधुमेह आहे. तो तेरा वर्षांचा आहे. गोळ्या उंचीच्या नाहीत, मी खोटं बोलले. त्याला जे खायला घातलं ते माझ्या हातानंच घातलं. भारी दिसतं म्हणून घातलं. आणि गेल्या रविवारी तो पेय पीत असताना मला बोलायची लाज वाटली."

सुदर्शनमामांचा चेहरा उतरला. "बाई, अगं मी माझ्या हातानं दिलं त्याला! मला बाजूला घेऊन सांगायचं तरी होतंस!"

"तुमची चूक नाही, मामा. मी सांगितलंच नाही तर तुम्हाला कळणार कसं? पण आज सगळ्यांना हात जोडून विचारते. आपण आपल्या लेकरांना खाऊ म्हणून जे वाटतो, ते एकदा उलटून वाचू या का?"

तिनं मामांच्या पिशवीतला एक पुडा उचलून दहावीतल्या एका मुलीला दिला आणि मोठ्यानं वाचायला सांगितला. मुलगी वाचत गेली. मीठ, तेल, साखरेची तीन वेगवेगळी नावं. आणखी पाच-सहा शब्द तिला उच्चारताच आले नाहीत.

सगळं एकदम पालटलं असं नाही. मागून एक बाई म्हणाली, "एवढं बघत बसलं तर खायचं काय? आमाला कामावरून आल्यावर दहा मिनिटं बी मिळत न्हाईत." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्ञानोबा तिला म्हणाले, "हाव बाई, खरं हाय. मंग एकटीनं नको, मिळून करू. आळीपाळीनं." त्यातून ठरलं की रविवारचा खाऊ दर वेळी दोन घरांनी मिळून करायचा. उकडलेल्या शेंगा, मोड आलेली मटकी, अर्धापूरची केळी. पहिल्या रविवारी निम्म्या पोरांनी तोंडं वाकडी केली. दोघं सरळ समोरच्या दुकानात गेली. तिसऱ्या रविवारी मटकी कमी पडली.

वर्ग संपल्यावर दोन आया अश्वजितच्या डॉक्टरांचा पत्ता विचारायला आल्या. एकीनं आपल्या मुलीचा जुना रिपोर्ट कपाटात दडवून ठेवला होता, सहा महिने!

आज या गोष्टीला आठ महिने झाले. अश्वजितची गोळी सुरू आहे, ती कदाचित पुढेही राहील. वजन नऊ किलोनं उतरलंय. तो संध्याकाळी कबड्डी खेळतो, कधी चिडतो, कधी अजूनही चोरून खातो आणि आता स्वतः येऊन सांगतो. 'तुझ्यामुळे आजारी पडलो' या त्याच्या वाक्याचा मनिषाला विसर पडलेला नाही. पडूही नये, असं ती म्हणते.

बंधू-भगिनींनो, आपल्या आधीच्या पिढ्यांना पोटभर मिळालं नाही. त्यांच्या भुकेची भरपाई आपण लेकरांना चकचकीत पुडे देऊन करत असू, तर आपण लेकरांना उपासमारीतून काढून आजारात ढकलत आहोत! घरात येणारी वस्तू भारी आहे का, हे विचारण्याआधी ती कशाची बनली आहे, हे विचारा. आणि घरात आजार आलाच, तर तो झाकू नका. आपण तोंड उघडलं, तर शेजारच्या घरातलं एखादं लेकरू वेळेवर दवाखान्यात पोहोचेल.