गाळलेला परिच्छेद

वाचनालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांतूनही डोकी आत आली होती. व्यासपीठावर पांढऱ्या कोटातले थेंबबाबा आणि त्यांच्यासमोर हात आडवा धरून उभा असलेला धिप्पाड पोस्टमन.

"धरा घट्ट!" म्हणत बाबांनी हात दाबला. तो धपकन खाली आला. मग जिभेवर तीन थेंब, छातीच्या हाडावर तीन टिचक्या. पुन्हा दाबला. आता हात हलेना. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"या हाडामागं एक शाळा आहे!" बाबा गरजले. "थायमस ग्रंथी! तिथली संप्रेरकं कोवळ्या पेशींना शिकवून शिपाई बनवतात. वय वाढतं तशी शाळा ओस पडते. माझे थेंब तिथली घंटा वाजवतात!"

घंटा त्यांची. बाकीचं सगळं माझं. ग्रंथपाल असताना मी 'शरीरातली शाळा' ही बारा पानी पुस्तिका लिहिली होती. ती कुणी वाचली असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आदल्या सोमवारी बाबांच्या पहिल्या सभेत तीच वाक्यं ऐकली, तेव्हा राग यायला हवा होता. मला आनंद झाला, आणि मी गप्प बसलो. त्याची लाज अजून जात नाही.

या सभेत धाकटी बहीण शेजारी होती. नऊ वर्षांपूर्वी माझं एक मूत्रपिंड तिला बसवलं. तेव्हापासून तिला रोज गोळ्या घ्याव्या लागतात.

"दादा, मी गोळ्या बंद केल्यात. आठवडा झाला," ती कानाशी म्हणाली. "त्या शिपायांना झोपवतात, असं बाबा सांगतात म्हणे. आणि शाळेचं तर तूच लिहिलंयस की!"

त्या शाळेत आणखी एक धडा असतो: आपलं कोणतं आणि परकं कोणतं. आपल्याच शरीरावर उठणाऱ्या पेशी बहुतेक तिथेच बाद होतात. उरलेल्या परक्यावर तुटून पडतात. तिच्या शिपायांना माझं मूत्रपिंड परकंच, म्हणून तर त्यांना आवरायला गोळ्या. हा परिच्छेद मी लिहिला होता. लोकांना जड जाईल, शिवाय तेरावं पान वाढेल, म्हणून मीच तो गाळला.

मी उठलो. "अहो..." एवढंच तोंडातून निघालं. तोवर बाबांनी धाकटीला वर बोलावलं होतं. थेंबांआधी तिचा हात पडला. थेंबांनंतर राहिला.

"थांबा, बाबा!" मागून सुतारमामा ओरडले. "मघाशी मनगटावर दाबलंत, आता कोपराजवळ. भिंतीतून निघालेली फळी टोकाला दाबली की वाकते, भिंतीलगत दाबली तर ढिम्म. तीस वर्षं फळ्याच ठोकतोय मी!"

"श्रद्धा नसेल तर गुण..."

"श्रद्धा असू द्या हो, मनगट धरा!"

बाबा बाटल्यांची मांडामांड करू लागले. मामा स्वतःच वर चढले. त्यांनी धाकटीचं मनगट दाबलं. थेंब घेऊनही हात पडला.

"ग्रंथपाल, वर या. थेंब घेतलेत? नाही ना?" त्यांनी माझ्या काडीसारख्या हाताला कोपराजवळ रेटलं. हात राहिला! सभागृहात हशा पिकला.

हात तसाच आडवा ठेवून मी बोलू लागलो. गाळलेला परिच्छेद मला पाठ होता. बाटलीत खरंच संप्रेरक असतं, तरी ते पोटात अन्नासारखं पचून गेलं असतं, हेही सांगितलं. मी थांबलो, तेव्हा धाकटी खाली मान घालून उभी होती आणि बाबा मागच्या दाराने गेले होते.

तिथूनच आम्ही इस्पितळ गाठलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मूत्रपिंड वाचलं, पण त्याची थोडी ताकद कायमची गेली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुझंच होतं, दादा, तूच थोडं परत घेतलंस," धाकटी हसत म्हणाली. मला हसता आलं नाही.

पुस्तिका आता तेरा पानांची झाली आहे. चमत्कार दिसला, तर हात कुठे दाबलाय ते आधी पाहा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका. आणि माझ्यासारख्याने सोपं करून लिहिलेलं वाचाल, तेव्हा त्यात काय गाळलंय, तेही विचारा.