टाकसाळ की कानस?

मुलुंडहून घाटकोपरला जाताना रिक्षात दोन म्हातारे एकाच रुपयासाठी दोन उलट नवस बोलत होते. देवव्रतला वाटत होतं, नाणं टाकसाळीतच चुकलेलं निघावं. अशा चुकीला हौशी लोक भरपूर किंमत देतात, असं त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. नाणं ज्याचं होतं त्या नंदकिशोरला मात्र ते नंतर कोणीतरी बिघडवलेलं हवं होतं.

"वेडा आहेस का रे?" देवव्रत म्हणाला. "लक्ष्मी दारात आली आणि तू कडी लावतोस."

"तू गप्प बस."

कारण साधं होतं. नंदकिशोरची बायको नीला गेल्या वर्षी गेली. लग्न झाल्यापासून सकाळचा चहा कोणी करायचा हे ती नाणं उडवून ठरवायची. नाणं तिचं, उडवणारी ती, झेलणारी ती. नंदकिशोर "छापा" म्हणायचा आणि काटा यायचा. मग तो उठायचा. "तुमचं नशीबच फुटकं, मी काय करू?" असं म्हणून ती पुन्हा पांघरूण ओढून घ्यायची.

ते नाणं तिने कधी त्याच्या हातात दिलं नाही. मागच्या आठवड्यात तिची बटणांची डबी उघडली तेव्हा ते पहिल्यांदा त्याच्या तळहातावर आलं. जुना मोठा रुपया, आणि कडेला उंदराने कुरतडावा तसा एक तुकडा नाहीसा. हा तुकडा तिने काढला असेल, तर ती रोज सकाळी त्याला फसवत होती. टाकसाळीतच राहिला असेल, तर तिने काहीच केलं नव्हतं, नशीबच खरोखर फुटकं होतं. आपण फसवले गेलो असलो तर बरं, असं नंदकिशोरला मनापासून वाटत होतं. नशीब काय, कोणाचंही फुटतं. रोज उठून मुद्दाम फसवायला घरचं माणूस लागतं.

नाणं ज्यांना दाखवायचं होतं ते घाटकोपरचे धम्मपाल सर बँकेतून निवृत्त झालेले आणि नाण्यांत बुडालेले. दार त्यांच्या बायकोने, कमलताईंनी उघडलं.

"नाणंवाले ना? या. आणि चिंचेने घासून चकचकीत केलं असेल तर मला आत्ताच सांगा. ते फार चिडतात."

"नाही घासलं."

"मग वाचलात. बसा."

धम्मपाल सरांनी रुपया दोन बोटांत कडेने धरला, दिव्याखाली नेला आणि भिंग डोळ्याला लावलं.

"टाकसाळीत धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात," ते म्हणाले. "कधी पट्टी पुरती सरकत नाही. मग पुढची चकती आधीच्या भोकावर चढते आणि तिचा एवढा चावा कमी पडतो. तशीच ती ठशाखाली जाते."

"हेच ते," देवव्रत खुर्चीत पुढे सरकला.

"दिसतं तर तसंच."

नंदकिशोरचा चेहरा पडला. कमलताईंनी त्याच्यापुढे पाणी ठेवलं.

"पण थांबा," सर म्हणाले. "ठशाआधी चकतीची कड दाबून उभी करतात. चकतीच अपुरी असेल तर तेव्हा चाव्यासमोरच्या बाजूला दाब मिळत नाही. म्हणून चाव्याच्या बरोबर समोरचा काठ पुसट राहतो. तुम्हीच बघा, कसा आहे?"

नंदकिशोरने भिंगातून पाहिलं. दोनदा पाहिलं. "चांगला ठसठशीत आहे."

"म्हणजे नाणं आधी पूर्ण होतं. आता चाव्यावरचे ओरखडे बघा, सगळे एका दिशेचे. कानशीने घासलंय. आणि तिरकं घासलंय. सिंहांच्या, म्हणजे छाप्याच्या बाजूने गुळगुळीत, कणसांच्या, म्हणजे काट्याच्या बाजूने धार. ज्याने केलं त्याला झेलल्यावर न बघता बाजू कळत असणार आणि हवी ती वर करता येत असणार."

नंदकिशोरने रुपया मुठीत घेतला आणि अंगठा फिरवला. "सिंह," तो म्हणाला. मूठ उघडली, सिंहच होते. पुन्हा हलवून मूठ मिटली. "कणसं." कणसंच निघाली.

"तरीच मला ताप असला की हटकून छापा यायचा," तो म्हणाला आणि हसत सुटला. पाण्याचा पेला त्याला खाली ठेवावा लागला. मग चहाची सगळी हकिगत त्याने सांगितली.

"माफ करा, पण याला किंमत काही नाही," धम्मपाल सर म्हणाले. "एक रुपया. तोही दुकानदार घेईलच असं नाही."

"वाट लागली," देवव्रत म्हणाला.

"झकास," नंदकिशोर म्हणाला.

कमलताई इतका वेळ त्या रुपयाकडे बघत होत्या. "अहो," त्यांनी नवऱ्याला विचारलं, "आपल्याकडे कानस आहे का?"

खाली आल्याआल्या नंदकिशोरने दहिसरला मेहुणीला फोन लावला.

"रेवती, खरं सांग. नीलाचा तो रुपया घासलेला होता, तुला माहीत होतं?"

पलीकडून फिसकन हसू आलं. "कळलं का एकदाचं? अहो भावोजी, मी शाळेत होते तेव्हापासून केर काढायला हरत आले त्या रुपयावर. कानस बाबांनीच दिली होती तिला."

"मग मला कोणी बोललं का नाही?"

"मी सांगणार होते. लग्नानंतर ताई पहिल्यांदा माहेरी आली ना, तेव्हाच. ती म्हणाली, खबरदार. हरले की न चिडता उठतात गं हे. किती दिवस उठतात ते बघायचंय मला."

नंदकिशोरने खिशातला रुपया चाचपला. देवव्रतने थांबवलेली रिक्षा खोळंबली होती आणि रिक्षावाला मीटरकडे बोट दाखवत होता.

"बस ना रे आता," देवव्रत म्हणाला.

"तू बस, आलो," नंदकिशोरने डोळे पुसले आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. "हां, रेवती. आणखी कशाकशात फसवलं गं तिने मला?"