फळ्यावरची होडी

एक होडी. सत्तर मेंढ्या. दोन शिंका. कपाटामागचा अंधार.

थांबा मित्रांनो, जोडून सांगतो.

मी एक जुना फळा आहे. रामकिसन सुतारांनी मला सागाच्या लाकडातून घडवले. जालना जिल्ह्यातल्या एका शाळेत वीस वर्षे मी पाढे अंगावर वागवले. पुढे सरकारी प्रशिक्षण केंद्रात आलो. तिथे प्रोजेक्टर आला आणि मी कपाटामागे गेलो. सोबतीला एक पाल.

परवा तिथे नियमांचे मसुदे नीट कसे लिहावेत, याचे प्रशिक्षण होते. वीज गेली. शिकवणाऱ्या प्रभावती मॅडम म्हणाल्या, "तो फळा काढा!" मी बाहेर आलो. धुळीने दोन अधिकारी शिंकले.

मॅडमची रीत वेगळी. नियम ज्याला पाळायचा, त्यालाच पुढे बसवून मसुदा मोठ्याने वाचायचा. त्या दिवशी खुर्चीत मेंढ्या राखणाऱ्या बायनाबाई होत्या. त्यांच्या गावचे ग्रामसेवक भुजंग भाऊसाहेब यांनी तळ्याचा नियम माझ्यावर लिहिला आणि वाचला: 'होड्या लावण्याचा घाट वगळता तलावाच्या काठी कोणतेही जनावर आणता येणार नाही.'

दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत हा मंजूर झाला असता, तर बायनाबाईंच्या सत्तर मेंढ्यांचे पाणी तुटणार होते.

"मंग तेवढा होडीचा घाट दाखवा की, भाऊसाहेब. तिथंच पाजते."

सगळे हसले. भाऊसाहेब कान खाजवत म्हणाले, "मॅडम, नमुना बाहेरून आल्ता. म्या नुसतं गावाचं नाव बदललं."

"उन्हाळ्यात तळ्यात पोरं क्रिकेट खेळतेत," बायनाबाई सोडत नव्हत्या, "अन् ह्ये होड्या लावून राह्यले!"

मॅडमनी माझ्यावर होडी काढली. तिला बैलगाडीची चाके लावली. मग ती पुसून तळे, विहीर आणि वाट काढली.

"नियम कशासाठी हवाय?"

"पिण्याच्या विहिरीत घाण जाऊ न्हाई म्हणून," भाऊसाहेब म्हणाले.

"मग तेवढंच लिहा."

भाऊसाहेबांनी लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. किती दिवसांनी मला कुणी पुसत होते! चौथ्या खेपेला उरले ते एवढेच: 'विहिरीजवळ जनावरे नेऊ नयेत. त्यांना तळ्याच्या पूर्वेकडून पाणी पाजावे.'

"हे बराबर हाय," बायनाबाई म्हणाल्या. "हे म्या घरी बिलकुल असंच सांगन."

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत हाच नवा नियम मंजूर झाला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून झटकत जा. आणि कधी नियम लिहाल, तर आधी खडूने लिहा. ज्याला तो पाळायचा आहे, त्याला वाचून दाखवा. पुसायला लाजू नका.

मला घडवणाऱ्या रामकिसन सुतारांना वाचता येत नव्हते; कुणी वाचून दाखवले, तरच त्यांना कळायचे.