कुंभिवलीचा मादल

मित्रांनो, मी एक म्हातारा मादल आहे. मादल म्हणजे पट्ट्याने अंगाला आडवा बांधून दोन्ही हातांनी वाजवायचा नेपाळी ढोल. डोंगरातल्या एका कारागिराने मला कोरलं आणि पुढे मला वाजवणाऱ्या हर्कबहादूरच्या आजोबांच्या पाठीवर बसून मी कुंभिवलीला आलो. इथे हमरस्त्याच्या कडेला बरीच नेपाळी घरं आहेत. कुणी ढाब्यावर आचारी, कुणी कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी. पोरं आपली गाणी विसरू नयेत म्हणून या माणसांनी मंडळ काढलं. शेजारच्या अंबाबाईंनी त्यासाठी पडवी दिली. तिथल्या खुंटीवर मी राहू लागलो.

दसैंला, तिहारला, म्हणजे तुमच्या दसरा-दिवाळीला, मी घुमायचो. हर्क वाजवायला बसला की दहिवलीहूनही माणसं यायची. ताल संपवताना तो दोनदा थांबायचा आणि मग एकच हलकी थाप द्यायचा, दारावर टकटक करावी तशी. तशी थाप दुसऱ्या कुणाची नव्हती.

मग एक दलाल आला. परदेशी हॉटेलात काम आहे म्हणाला. हर्क गेला. त्याचा एकच फोन आला. "आई, इथं हॉटेल नाही. हातात बंदूक दिलीय. सगळीकडे बर्फ आहे."

पुढे काही नाही. मंडळाने सण बंद केले. माझ्यावर कोळ्याने जाळं विणलं.

भर उन्हाळ्यात तोच दलाल परत आला आणि आणखी तीन पोरं जायला निघाली. हर्कच्या आईने, दिलमायाने, दुपारीच सभा बोलावली.

"मंडळाने उघड सांगावं," ती म्हणाली. "त्या युद्धाला आपल्यातलं कुणी जाणार नाही. दलालाची तक्रारही करावी."

अध्यक्ष टीकाराम घाम पुसत म्हणाले, "दिदी, आपण पोटासाठी आलेली माणसं. परक्यांच्या लढाईत कशाला बोलायचं? मंडळाने सण करावेत."

"तुमचं मंडळ निस्तं नाचायला हाय का रं?" अंबाबाई दारातून म्हणाल्या. "पोरगं गेलंय तिचं."



तेव्हा माझ्या कातड्यावर बोटं टेकली. मित्रांनो, माझ्याजवळ कुणीही नव्हतं. बोटं इतकी गार होती, की कातडं आक्रसलं. ताल सुरू झाला. कोळ्याचं जाळं मात्र हललंसुद्धा नाही. शेवटी ताल दोनदा थांबला. मी थापेची वाट पाहिली. सगळ्यांनीच पाहिली.

थाप पडली नाही.

दिलमायाने माझ्यावर हात ठेवला. तिचा तळवा बर्फाच्या पाण्याने ओला झाला. "ऐकलं रे, बाळा," ती म्हणाली.

टीकाराम उभे राहिले. "चला, सगळेच चला."

त्याच दुपारी सारं मंडळ पोलीस चौकीवर गेलं. तिन्ही पोरांनी आपापले पासपोर्ट दिलमायाच्या ओटीत टाकले. पडवीबाहेर पाटी लागली: 'परक्या युद्धाला आमची पोरं मिळणार नाहीत.' दलाल पुन्हा फिरकला नाही. हर्कही आला नाही. त्याचं काय झालं, हे अजून कुणाला ठाऊक नाही.

मित्रांनो, घरातलं जुनं वाद्य वाजतं ठेवा, त्याला ऊन दाखवा. आणि दूर निघालेल्या माणसाला उंबऱ्यावरच विचारा, कुठे चाललास, कुणाच्या कामाला?

त्या दुपारची गोष्ट ऐकून हल्ली लांबलांबच्या आया इथे येतात. त्यांची पोरं त्याच युद्धात हरवलेली. त्या माझ्या कातड्याला कान लावतात आणि पोराचं नाव घेतात. काही जणी ऐकून हसत उठतात.

मी तर त्या वेळी अगदी गप्प असतो.