फोटोत भोपळे नकोत

सोलच्या मासिकातला तो फोटो अजून लोक दाखवतात. आम्ही जेजू बेटावरच्या, समुद्रातून शंख काढणाऱ्या पाणबुड्या बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या, तोंडं उघडी, नजर लांब समुद्राकडे. खाली छापलंय, 'समुद्राची गाणी गाताना.' गाणी कसली डोंबलाची! माझी सासू बुडाली होती.

फोटो काढायला सोलहून प्यो नावाचा माणूस आला होता. गोरापान, खडकावर बूट घालून घसरणारा. कॅमेऱ्यातून बघून म्हणाला, "ते भोपळे काढा. पाणी घाण दिसतंय."

आता आमचा भोपळा म्हणजे काय? बाई खाली, वाळका भोपळा वर तरंगतोय. तो डुलतोय तिथेच बाई आहे. वर आली की त्यालाच कवटाळून दम घ्यायचा.

मी म्हटलं, "सासूबाई, नको हं."

"तू गप! तुझं तोंड फोटोत येणार नाही म्हणून जळतेस." आणि केस सारखे करून प्योला म्हणाल्या, "मला कुठल्या बाजूने घेतोस रे?"

भोपळे खडकावर ठेवले. सासूबाईंनी बुडी मारली.

वर येताना आमच्यात प्रत्येकीची शीळ वेगळी, फुप्फुसातली हवा सुटते ना, तिची. सासूबाईंची शीळ ऐकून गावातली डुकरं गोठ्यात शिरायची. त्या दिवशी शीळ आली नाही.

"बोकसिल, कुठे गेल्या गं?" मी शेजारच्या पाणबुडीला विचारलं.

"मला काय माहीत! भोपळा कुठाय?"

पाणी सपाट. कुठेच काही डुलत नव्हतं. इतका मोठा समुद्र मी तोवर पाहिलाच नव्हता. आम्ही सगळ्याजणी हाका मारत सुटलो. प्योला आमच्या बेटाची बोली कळेना, तो खूश होऊन बटण दाबतोय, "वा! असंच गात राहा!"

मी बुडी मारली. कुठे मारायची तेच ठाऊक नाही, नुसती मारली. शेवाळाचं जंगल. पायाला काहीतरी गुंडाळलं, मी लाथ झाडली, वर आले, पुन्हा खाली. हात चाचपडतोय आणि मनात एकच, हाताला केस लागले तर काय करू? नाही लागले तर काय करू?

मग पाठीमागून, भलत्याच बाजूने, फाटक्या बासरीसारखी शीळ आली. खडकामागे सासूबाई! ओढीने तिकडे वाहत गेल्या होत्या. मनगट सोललेलं. बाहेर काढल्यावर म्हणाल्या, "ऑक्टोपस होता. घोड्याएवढा. कडकडून चावले त्याला." मला दिसत होतं, शंख उपटायचं लोखंड आम्ही मनगटाला बांधतो, ते खडकात अडकलं होतं आणि हा त्याच्या दोरीचा वळ होता. पण मीही सगळ्यांना घोड्याएवढाच सांगते, कधी कधी दोन घोडे.

प्यो धावत आला. "मावशी, अजून एकदा? ऊन मस्त पडलंय!"

मी थांबले, आता ह्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार. वादळालाही शिव्या घालणारी बाई ती. पण त्यांनी प्योकडे पाठ फिरवली आणि खडकावरचा आपला भोपळा छातीशी धरला. तेव्हा मी खरी घाबरले.

किनाऱ्यावर शेकोटीपाशी बसवलं तर दात वाजत होते. माझी बोटं त्यांनी इतकी घट्ट धरली की दुखायला लागली.

"सासूबाई, लाकडं टाकते, हात सोडा."

"नको गं," त्या म्हणाल्या. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याशी हळू बोलल्या. "विझू दे. तू बस."


शेकोटी विझली. मी बसून राहिले.